तापमान बरोबर, घनता कमी

विबकेने दार उघडलं आणि आतला लेसर गपकन बंद पडला.

दारावर लाल दिवा होता. पण भांडायला निघालेल्या माणसाला दिवे कुठले दिसायला? जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या त्या प्रयोगशाळेत प्लाझ्माची, म्हणजे अतितप्त वायूची, घनता दोन गट मोजत. विबके सूक्ष्मलहरींनी, लेसरवाले लेसरने. आणि आठवडाभर दोघांचे आकडे जुळत नव्हते.

हिरव्या चष्म्याआडून एक उंच माणूस तिच्याकडे बघत होता. हा यानेस.

"सकाळपासून आरसे जुळवतोय मी," तो म्हणाला. "दार उघडलं की लेसर आपोआप बंद होतो, हे तुम्हाला..."

"माहीत आहे! पण तुमचे इलेक्ट्रॉन जातात कुठे, ते नाही माहीत. माझ्या निम्मेच भरतात."

"आणि तापमान?"

"ते... बरोबर आहे."

त्याने चष्मा काढला. करडे डोळे चक्क हसत होते. विबकेचा राग कुठल्या कुठे पळाला.

"मग चूक माझीच," तो म्हणाला. "इलेक्ट्रॉनांवरून उडालेल्या प्रकाशाचे रंग किती फाकले, त्यावरून तापमान कळतं. घनता कळते प्रकाश किती आला त्यावरून. किरण जरा सरकला की प्रकाश कमी, म्हणून घनता कमी. एखादा आरसा हललाय. शोधायला याल?"

आरसा दुसऱ्याच दिवशी सापडला. पण दुपारी दालन तापलं की तो पुन्हा केसभर सरकायचा, आणि रोज दुपारी यानेसला नेमकी विबकेचीच मदत लागायची. मग बंदरावर बोचऱ्या वाऱ्यात हेरिंग माशाचा पाव, आणि गप्पा. जगभरच्या गप्पा — एक सोडून. त्या बाबतीत यानेसने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आणि विबकेचा तर त्याच्यावर जीव जडला होता.

मार्चमध्ये तिला जपानहून बोलावणं आलं. दोन वर्षांचं काम, शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर हवं.

"छान संधी आहे," यानेस म्हणाला आणि आरशाचा पेच घट्ट करत बसला. विबके बाहेर जाऊन रडली.

शुक्रवारीच यानेसचा तिसावा वाढदिवस होता. तिथली जुनी गमतीची रीत अशी, की तिशी गाठलेल्या बिनलग्नाच्या पुरुषाने नगरभवनाच्या पायऱ्या झाडायच्या, त्या एखाद्या अविवाहित मुलीने त्याचा मुका घेईपर्यंत. मित्रांनी पायऱ्यांवर पोतंभर बाटल्यांची बुचं ओतली होती. विबके चौकात पोचली तेव्हा डोक्यावर उंच काळी टोपी घातलेला यानेस घामाघूम झाला होता.

"तीन पोरी येऊन गेल्या!" त्याचा मित्र टॅमो वैतागून म्हणाला. "तिघींनाही हा म्हणाला, थांबा, कोपरे राहिलेत. कोपरे! तूच समजाव बाई याला, गारठलो मी."

विबके पायऱ्या चढली.

"उत्तर दिलंस?" त्याने झाडता झाडता विचारलं.

"अजून नाही. कोणी काही बोलेल म्हणून थांबलेय."

झाडू थांबला.

"जाऊ नकोस असं म्हणवत नाही मला. म्हणून गप्प होतो... पण माझा जीव तुझ्यात अडकलाय, विबके. तू जा. दोन वर्षं मी इथे झाडत राहीन. दुसरी कोणी आली तर — कोपरे आहेतच."

विबकेला हसू आलं, रडूही आलं. तिने त्याची टोपी काढली, टाचा उंचावल्या आणि भर चौकात त्याचा मुका घेतला. गालाचा नव्हे.

"सुटलो एकदाचे!" खालून टॅमो ओरडला.

"मी आज होकार कळवतेय," ती यानेसच्या छातीशी पुटपुटली. "आणि तिथल्या लेसरलाही माणूस हवाय. विचारून ठेवलंय मी."

"मला न सांगता?"

"तू बोलायची वाट बघत म्हातारी झाले असते."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर झाड पायऱ्या."

यानेसने झाडू टॅमोकडे भिरकावला आणि दोन्ही हात मोकळे करून घेतले.