खुर्च्या वर ठेवून गेलेला खुनी

ठाकूरद्वारच्या ‘सातासमुद्रापार इंग्लिश अकादमी’त मालक विनीत मयेकर फळ्याखाली पडला होता. त्याच्या डोक्याला आता डोकं म्हणणं ही निव्वळ सभ्यता होती. शेजारी तास संपल्याची पितळी घंटा, दांडा वाकलेली. रक्त पंख्यापर्यंत उडालं होतं, आणि पंखा चालू असल्यामुळे ते चारही भिंतींना समान वाटून मिळालं होतं.

बाकी वर्ग टापटीप होता. फारच टापटीप. एकूण एक लोखंडी खुर्ची टेबलांवर उलटी ठेवलेली.

प्रेत सापडलं झाडणाऱ्या जाईबाईंना. त्यांना खुनापेक्षा खुर्च्यांचा धक्का मोठा होता.

“इतकी वर्सां झाडतंय, बाय, कोणी कधी एक खुर्ची उचलूक नाय. आज सगळ्यो वर! म्हटलां, देव पावलो. मगे खाली बघलंय तर ह्यो.”

सब-इन्स्पेक्टर मेघना खुर्च्यांकडे बघत राहिली.

“मॅडम, केस क्लिअर आहे,” हवालदार धोंडू म्हणाले. “ट्रिशा. काल संध्याकाळी इथे ओरडून गेली, ‘तुझं डोकं फोडीन.’ आणि डोकं फुटलंय. शब्दाची पक्की पोरगी.”

विनीत गिरगाव-परळची पोरं परदेशातल्या खाजगी शाळांत इंग्रजी शिकवायला पाठवायचा. ट्रिशा तिथून नुकतीच परतली होती, डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन.

चौकीत मेघनाने तिला समोर बसवलं.

“हात कसा मोडला?”

“पासपोर्ट मागितला.”

“म्हणून हात मोडतात?”

“आमचे पासपोर्ट प्रिन्सिपलच्या ड्रॉवरमध्ये असतात. मी हात घातला. त्याने ड्रॉवर बंद केला. मग उघडला. मग परत बंद केला.”

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेलं आणि ती सगळे दात दाखवून हसली. धोंडूंच्या अंगावर काटा आला.

“हसतेस काय गं?”

“सवय, अंकल. तिकडे वर्गात कॅमेरा असतो. आईबाप मोबाईलवर बघत बसतात. टीचर हसली नाही की मार.”

“विनीतला तू मारलंस?” मेघनाने विचारलं.

“मारायचं होतं. कोणीतरी आधीच नंबर लावला.”

“लॉकअप,” धोंडू म्हणाले.

ट्रिशा उठली. उठताना तिने एका हाताने खुर्ची धरली, टेबलावर चढवायला गेली आणि ती धोंडूंच्या पायावर पाडली.

“सॉरी, अंकल! तिकडे तास संपला की टीचरनेच खुर्च्या वर ठेवायच्या. विसरलं की वर्गातच कोंडतात.”

धोंडू एका पायावर उभे राहून बरंच काही बोलले. मेघनाने त्यातलं काही ऐकलं नाही.

“हिला बाहेर बसवा. लॉकअप नको. त्या दोघांना आणा.”

काल अकादमीत आणखी दोघं होते. पहिला कारकून रघु.

“ती ओरडायला लागली तसा मी सटकलो, मॅडम. घाबरट माणूस आहे मी.”

“परदेशात कधी?”

“शिवडीच्या पुढे गेलो तरी मला घाम फुटतो.”

तो गेला. खुर्ची दारात आडवी टाकून गेला.

दुसरे वॉरेन, फणसवाडीतले. पोरांना परदेशी जाण्याआधी तयार करणारे सर. साधा, हडकुळा माणूस.

“परदेशात कधी?”

“नेव्हर. पुण्याला गेलो होतो, एका लग्नाला. तेवढंच फॉरेन.”

“काल ट्रिशा गेल्यावर विनीत काय करत होता?”

“फोन. क्लासमधल्या प्राचीला म्हणाला, बॅग भर. ट्रिशाच्या जागी आता तिला पाठवणार होता.” वॉरेननी कोपऱ्याकडे बघितलं आणि ते तोंडभर हसले. “फार वाईट झालं, मॅडम.”

मेघनाने चहासाठी टेबलावरची घंटी दाबली.

वॉरेन उठले. दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, उलटी केली आणि टेबलावरच्या कागदांवर ठेवली. जरा तिरकी वाटली, म्हणून सरळ केली. मग आपण काय केलं ते त्यांना दिसलं.

चहावाला दारातूनच परत गेला.

“घंटा एका हाताने मारता येते,” मेघना म्हणाली. “म्हणून धोंडूंना ट्रिशा वाटली. पण त्या खुर्च्या एका हाताने वर जात नाहीत. धोंडूंचा पाय साक्षीला आहे. शिवाय मुंबईत खून करून खुर्च्या कोण आवरतं? ज्याच्या हाडांत ती शाळा मुरलीय तोच. रघु खुर्ची टाकून गेला, कॅमेऱ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तुम्ही खुनाचं बोलताना कॅमेऱ्याकडे बघून हसलात. कुठे होतात, सर?”

“तसल्याच शाळेत. दुसऱ्या एजंटाने पाठवलं होतं. पळून आलो.” वॉरेन अजून हसत होते. “पळून आलेला मास्तर कोण ठेवतो? म्हणून लपवलं. काल त्याला म्हटलं, प्राचीला नको पाठवूस, ट्रिशाचा हात बघितलास ना? तो म्हणाला, ‘एक मोडला तर काय, दुसरा आहे ना?’ घंटा माझ्याच हातात होती. तो पडला तरी मी वाजवत राहिलो. मग शांत झालं. तास संपला. पुढचं मला आठवतच नाही.”

“ट्रिशाला अडकू दिलं असतंत?”

“नाही. पण आज सकाळी तोंड उघडलं की नुसतं हसूच येत होतं.”

धोंडू बाहेर जाऊन ट्रिशाला “घरी जा, बाळ” म्हणून आले.

“मॅडम, प्राची जाणार नाही ना?” वॉरेन म्हणाले.

“तिचा पासपोर्ट विनीतच्या खिशात मिळाला. आता इथेच आहे. तुमच्या खुर्चीखाली.”

वॉरेननी मान हलवली. मग कोपऱ्याकडे बघत, गालांचे स्नायू थरथरत असताना, हळूच विचारलं, “मग आता मी हसायचं थांबलो तर चालेल?”

मेघना उठली. डोक्यावरची टोपी काढली आणि कॅमेऱ्यावर अडकवली.