अर्ध्या दिवसात हिरवी वाळू

मला हिरवी वाळू बघायची होती. फोटोत नाही, गाडीच्या काचेतून नाही. पायाखाली!

देवरुखच्या शाळेत मी भूगोल शिकवत असे. एकदा मी सातवीच्या वर्गाला सांगितलं, की पॅसिफिक महासागरात हवाई नावाची ज्वालामुखीची बेटं आहेत, तिथे काळी वाळू असते आणि एके ठिकाणी तर हिरवी वाळू आहे. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. तेवढ्यात दारातून मुख्याध्यापक प्रल्हादराव म्हणाले, "बाई, पोरांना थापा मारू नका. उद्या गुलाबी समुद्र सांगाल." वर्ग हसला. मीही हसले, कारण नोकरी होती. पण तो राग मी जपून ठेवला. प्रल्हादराव निवृत्त झाले, वारले, त्यांच्या तेराव्याला मी जेवूनही आले. राग मात्र तसाच राहिला.

म्हणून २००४ साली सांता क्लाराला मुलाकडे गेले तेव्हा यतीनने विचारलं, "आई, डिस्नेलँड बघायचंय का?" मी म्हटलं, "हवाई. हिरवी वाळू."

यतीन इंजिनियर. त्याने हवाईची तिकिटं काढली आणि बेटावर फिरायला एक खाजगी गाडी ठरवली, आमच्यापुरतीच, अर्ध्या दिवसाची. "काळी वाळू, कासवं, हिरवी वाळू, सगळं कव्हर होतं," तो म्हणाला. "एक वाजता माझा कॉल आहे, तोवर परत."

चाळीस वर्षं वाट बघितली आणि समुद्राला वाटून दिला अर्धा दिवस! तिथेच माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

गाडी कलानी नावाच्या बेटावरच्याच माणसाची होती. दणकट, हसरा, मला पहिल्या मिनिटापासून 'आंटी' म्हणणारा. पुढे त्याच्याशेजारी यतीन, मागे मी, सून रेणू आणि मध्ये माझी नात रुही. रुही अकरा वर्षांची, जन्म अमेरिकेतला. मराठी तिला कळे, पण शब्दाला शब्द लावून. आदल्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "माझं डोकं खाऊ नकोस." पोरगी घाबरून म्हणाली, "आजी, आय वुड नेव्हर!"

काळ्या वाळूचा किनारा आधी लागला. खरोखर काळी! कोळशाची भुकटी पसरून वर पाणी मारावं तशी चकाकणारी. दोन मोठी कासवं ऊन खात पडली होती, आणि लाट आली की त्यांच्या पाठीवरून पांढरा फेस उतरून काळ्या वाळूत नाहीसा होत होता. माझं माहेर हर्णैचं. समुद्र मला नवा नाही. पण असा समुद्र नव्हता पाहिला. मी वाकून वाळू हातात घेतली, तर कलानी म्हणाला, "बघा आंटी, पण परत ठेवा. इथली वाळू इथेच राहते." मला ते पटलं. मी ठेवली.

आणि यतीन? तो नारळाखाली उभा राहून फोनवर कोणाला तरी प्रोग्रॅममधल्या चुकीवरून ओरडत होता. "नाही नाही, तो बग क्लोज करू नको!" आम्ही त्याची वाट बघत उभ्या. कासवंसुद्धा कंटाळून पाण्यात गेली.

बेटाच्या दक्षिण टोकाला पोचलो तेव्हा वारा असा होता, की गाडीचं दार उघडताना रेणूच्या हातून निसटलं. तिथली झाडं जन्मभर एकाच बाजूला वाकलेली. पुढे रस्ता नव्हता. गवताळ माळावर गाड्यांनी पाडलेले खोल चर होते आणि त्यांत लाल धूळ.

यतीन घड्याळ बघून म्हणाला, "आई, उशीर झालाय. ग्रीन सँड कॅन्सल करू या."

"का उशीर झाला?" मी विचारलं.

त्याने फोन खिशात घातला.

"तुझा बग मोकळा सुटला म्हणून माझी वाळू कॅन्सल?"

"आई, खूप चालायचंय. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्याबरोबर आलेत. त्यांना विचारून आलेय मी!"

रुही खुदकन हसली. रेणू हळूच म्हणाली, "यतीन, जाऊ दे ना यार. आल्यात एवढ्या लांब." सुनेने माझी बाजू घेतली, हे मी विसरणार नाही.

कलानीने गाडी माळावर घातली. गाडी होडीसारखी डोलू लागली. डाव्या चरातून उजव्या चरात, खडकावरून धुळीत! डोकी छताला आपटली. अर्ध्या वाटेत पुढचं चाक धुळीत रुतलं आणि गाडी वाकडी होऊन बसली. कलानीने खाली उतरून चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आंटी, इथून पायी."

"चला!" मी म्हटलं.

रेणूने मला पांढरे बूट घेऊन दिले होते. साडीखाली ते बूट मला मुळीच आवडत नव्हते. पण त्या माळावर त्यांनीच मला चालवलं. वारा समोरून ढकलत होता. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ, आणि उजव्या हाताला समुद्र काळ्या खडकांवर असा आदळत होता, की पायाखाली धक्का जाणवे. रेणूच्या नाजूक सँडलचा पट्टा तुटला. यतीन फोन डोक्यावर धरून सिग्नल शोधत चालला होता. त्या निर्जन माळावर, जिथे गवतालाही उभं राहायची सोय नव्हती!

शेवटी माळ एकदम संपला. खाली, अर्ध्या फुटलेल्या वाडग्यासारखा, समुद्राने खाल्लेला जुना ज्वालामुखी होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कडा, आणि मध्ये तळाशी वाळूचा पट्टा.

मी डोळे बारीक केले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. वर ढग. मला दिसला नुसता करडा, शेवाळलेला रंग. हिरवा म्हणावा की मातकट? वरून काही ठरेना. प्रल्हादराव कानाशी हसले.

खाली जायला समोर खडकात खोदलेल्या वेड्यावाकड्या पायऱ्या होत्या. कलानी म्हणाला, "आधी मी बघतो. मग आंटीला नेतो." रुही त्याच्या मागे उड्या मारत गेली आणि तुटकी सँडल हातात घेऊन रेणूही. मी आणि यतीन वर थांबलो.

थोड्या वेळाने खालून कलानीने समुद्राकडे बघितलं आणि आमच्याकडे वळून दोन्ही हात हलवले. नको! पाणी चढत होतं. लाटा मोठ्या होत होत्या.

"बघ," यतीन म्हणाला, "तोही नको म्हणतोय. तू इथूनच बघ. रुही फोटो काढून आणेल."

फोटो!

"यतीन," मी म्हटलं, "तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला मी फोटो मागवला नव्हता. पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्या गॅदरिंगना!"

"आई, आता ते कुठे काढतेस? सेफ नाहीये म्हणून सांगतोय. प्लीज, चिडू नको."

"चिडू नको म्हणून सांगायला तू कोण?"

आता तिथे उभं राहण्यात अर्थ नव्हता. राग असा भरला होता, की दोन शब्द जास्त बोलले असते तर रडूच आलं असतं. आणि यतीनसमोर मला रडायचं नव्हतं. मी कड्यापाशी गेले आणि खाली वाळूवर उभ्या असलेल्या रुहीला ओरडून सांगितलं, "रुही, येते गं मी!"

तिने हात हलवला. मी पाठ फिरवली आणि गाडीच्या दिशेने चालू लागले.

यतीन मागे. "आई, ऐक ना. आई!" मी ऐकत नव्हते. बरंच अंतर गेल्यावर मागून आरोळी आली. रेणू अनवाणी पळत येत होती आणि तिच्या मागे कलानी. रेणू आम्हाला बघून थबकली. तिचा चेहरा उतरला.

"आई, तुम्ही इथे? मग रुही कुठंय?"

"रुही तुमच्याबरोबर होती ना?"

"ती म्हणाली, आजी खाली येतेय, मी तिच्यासाठी थांबते. मी तुम्हाला अडवायला वर निघाले, पायऱ्यांवर घसरले म्हणून कलानी मला वर घेऊन आला. तिला कड्याला टेकून उभी राहा म्हटलं. आम्हाला वाटलं, यतीन तुम्हाला उतरवतोय. वर आलो तर कोणीच नाही!"

"मी कुठे येते म्हटलं? मी निघाले होते!"

"तुम्हीच ओरडलात ना, येते म्हणून?"

"अगं, येते म्हणजे जाते!"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. जन्मभर मी घर सोडताना 'येते'च म्हणत आले. लहानपणी एकदा उंबऱ्यात 'जाते' म्हटलं, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. जाते म्हणायचं नाही! पण हे सांता क्लारातल्या पोरीला कोण शिकवणार?

आम्ही पळालो. मीसुद्धा!

कड्यावरून पाहिलं. रुही वाळूवर नव्हती. उजव्या बाजूला पायऱ्यांपेक्षा सौम्य असा एक उतार होता, आणि तो तळाशी पाण्यालगत एका सपाट खडकावर संपत होता. आजीला इथून उतरता येईल, असं त्या पोरीने ठरवलं असणार. ती त्या खडकावर उभी होती. तोंड वर, पाठ समुद्राकडे. माझी वाट बघत!

तिच्या मागे लाट उठली.

"रुही!" चौघेही ओरडलो. वाऱ्याने आवाज मागे फेकला. लाट खडकावर चढली, तिच्या गुडघ्यांपर्यंत आली, आणि रुही कड्याला चिकटली. खडक आणि वाळू यांच्यामधली वाट पाण्याखाली गेली.

कलानी पायऱ्यांवरून जवळजवळ पडतच खाली गेला. यतीन उताराकडे धावला. उभ्याने! गुळगुळीत बुटांनी! तिसऱ्या पावलाला घसरला, पाय मुरगळला आणि एका खडकाला लटकला. त्याचा फोन खडखडत खाली गेला आणि समुद्रात पडला.

"आई, नको!" त्याने मला येताना पाहिलं.

"हलू नकोस!" मी म्हटलं.

हर्णैला आम्ही पोरी कालवं काढायला कातळ उतरत असू. कातळ उभ्याने उतरायचा नसतो. बसायचं, टाच रोवायची, हात मागे, आणि अंग खाली सोडायचं. मी साडी खोचली आणि बसले. दगड टोचले. साडी फाटली. तळहात सोलले. घसरले, थांबले, पुन्हा घसरले. मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते. यतीनला, त्याच्या बगला, अर्ध्या दिवसाला, प्रल्हादरावांना, आणि त्या मेल्या 'येते'ला!

खडकाच्या जरा वर एक खाच होती. तिथे मी टाच अडकवली. रुही खालीच होती, डोळे मिटलेले.

"रुही! वर बघ!"

तिने डोळे उघडले. "आजी! यू सेड यू आर कमिंग!"

"आले ना! माझा पाय धर!"

मी दुसरा पाय खाली सोडला. तिने बूट धरला. लाट आली. पाणी माझ्या कमरेपर्यंत उसळलं, खारट, थंड, आणि परत जाताना ओढू लागलं. बूट निघाला! पांढरा बूट फेसात गेला.

"बूट नको! पाय! पाय धर!"

तिने दोन्ही हातांनी माझा उघडा घोटा पकडला. दुसरी लाट. माझा गुडघा कडकन वाजला. मी पाय मागे घेतला नाही. त्या गुडघ्याची मला आजही शरम वाटत नाही!

वाळूच्या बाजूने कलानी छातीभर पाण्यात उभा होता. तो आमच्याकडे नाही, मागे समुद्राकडे बघत होता. मोठी लाट गेली. मग पाणी जरा थकल्यासारखं झालं.

"आंटी! आत्ता!"

मी खडकावर उतरले. रुहीचा दंड धरला. कलानीने आम्हा दोघींना दोन हातांत ओढलं. पाणी, खडक, पाणी, आणि मग आम्ही कोरड्यावर आडव्या पडलो होतो. मागून पुढची लाट त्या खडकावर फुटली.

रुही रडत होती. मी उठून बसले आणि ओरडायला लागले. "कड्याला टेकून उभी राहा सांगितलं होतं ना? कशाला गेलीस तिकडे?"

"तुला ते इझी होतं म्हणून," ती हुंदके देत म्हणाली. "तू येणार होतीस."

मी तिला छातीशी ओढली. वर कड्यावरून यतीन, ज्याला रेणूने एव्हाना ओढून वर घेतलं होतं, दोन्ही हात तोंडाशी धरून "आई! आई!" ओरडत होता. लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हा असाच ओरडत होता. माझा राग तेवढ्यापुरता कुठे गेला कोण जाणे.

"आंटी," कलानी धापा टाकत हसला, "खाली बघा."

मी खाली बघितलं.

सोललेल्या तळहाताला वाळू चिकटली होती. ढग सरला होता. हातावर, साडीच्या निऱ्यांत, रुहीच्या केसांत, माझ्या एका उघड्या पायाच्या बोटांमध्ये ओली, चमचमती वाळू. हिरवी! पिकायला आलेल्या भातासारखी हिरवी! मी उभी राहिले. एक पाय बुटात, दुसरा थेट वाळूत. आणि समुद्राकडे तोंड करून मी जोरात ओरडले, "प्रल्हादराव! हिरवी आहे! हिरवी!"

"हू इज प्रल्हादराव?" रुहीने नाक पुसत विचारलं.

"एक अडाणी माणूस," मी म्हटलं.

कलानीने मला पायऱ्यांवरून वर नेलं, जवळजवळ उचलूनच. निघण्याआधी मी साडीच्या निऱ्या झटकल्या, रुहीच्या केसांतली वाळू काढली, तळहात लाटेत धुतले. चाळीस वर्षं जिच्यासाठी भांडले ती वाळू सगळी तिथे ठेवली. मला ती ज्याला दाखवायला न्यायची होती तो माणूस उरला नव्हता. आणि बघायचं होतं ते मी बघितलं होतं.

वर यतीन सुजलेला पाय घेऊन बसला होता. एक वाजून गेला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुझा कॉल?"

"समुद्रात गेला," तो म्हणाला. मग खालमानेने, "आई, मी तुला घेऊन खाली यायला हवं होतं."

"हवं होतंच," मी म्हटलं. माफ करायची मला घाई नव्हती. अजून गाडीपर्यंत चालायचं होतं.

कडा सोडताना मी एकदा वळून पाहिलं. खाली तो पट्टा आता वरूनही हिरवा दिसत होता. सवयीने हात जोडले गेले आणि तोंडातून निघालं, "ये..."

रुहीने माझा हात घट्ट पकडला. "नो! आजी, नीट सांग!"

मी तिच्याकडे पाहिलं. आईचा धपाटा आठवला. वारा कान फाडत होता.

"जाते," मी म्हटलं. त्या धपाट्यानंतर पहिल्यांदा.

मग तिचा हात धरून, एका बुटाने, लंगडत, रागारागाने चालू लागले.