इंजिन बंद होतं, तरी नळी ओढत होती

मी गोष्टी रचणारा माणूस नाही. गेली पस्तीस वर्षं गाड्यांच्या खाली पाठ घासतोय. जे झालं ते झालं तसं लिहितो. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या.

रात्र नव्हती. १५ मे २००३, गुरुवार, भर दुपार. जागा आखाडा बाळापूर, रोडवरचं माझं गॅरेज.

माझं नाव बजरंग.

त्या आठवड्यात कुरुंद्याहून एक गाडी ट्रॅक्टरला बांधून आली. परदेशी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. लाल रंग पार उडालेला. पण मी लांबूनच ओळखली. अशी गाडी आमच्या भागात एकच होती.

कुरुंद्याच्या संपतरावांची.

१९९४ च्या मे महिन्यात संपतराव त्याच गाडीत गेले. उतारावर मेंढरांचा कळप आडवा आला. गाडी थांबली नाही. त्यांनी ती बाजूला घेतली आणि उजव्या अंगानं लिंबाच्या झाडावर घातली. एक मेंढरू मेलं नाही. संपतरावांना मात्र डाव्या बाजूनं ओढून काढावं लागलं, कारण उजवं, त्यांच्या बाजूचं दार आत चेपलं होतं. ते दार नंतर कधीच उघडलं नाही.

लोक म्हणाले, वेगाचा नाद नडला. त्यांची बायको पंचफुलाबाई, त्याही तेच म्हणत आल्या.

नऊ वर्षं.

आता औरंगाबादचा एक शौकीन ती गाडी न्यायला येणार होता. पत्र्याचं काम तो स्वतः करून घेणार होता. त्याची अट एवढीच, की इंजिन चालू पाहिजे आणि व्हॅक्यूमच्या नळ्या कंपनीनं लावल्या होत्या तशाच पाहिजेत. पंचफुलाबाईंनी निरोप धाडला होता, मालकाचा भरवसा याच गॅरेजवर होता, तर काम इथंच करा.

तो निरोप ऐकून मला घाम फुटला. का, ते पुढं सांगतो.

आधी नळ्यांचं सांगतो. चालू इंजिन हवा आत ओढतं. ती ओढ बोटाएवढ्या रबरी नळ्यांमधून ठिकठिकाणी जाते. एक जाड नळी ब्रेककडं जाते. तिच्या जोरावर पाय हलका ठेवला तरी गाडी थांबते. ती नळी बंद पडली, तर पेडल दगडासारखं होतं.

मी बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला कंपनीचा नकाशा चिकटवलेला होता, अर्धा पुसलेला. तो बघत एकेक नळी मोजली.

आठ नळ्या. पाच चुकीच्या जागी.

आणि ब्रेकची नळी…

तिच्या तोंडात एक बोल्ट ठोकलेला होता. वरून काळी टेप. टेपवर तांब्याच्या तारेचे तीन वेढे.

असे वेढे एकच माणूस द्यायचा. रतनसिंग. माझे उस्ताद. हे गॅरेज त्यांचंच. त्या अपघातानंतर महिन्याभरात त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी पान्याला हात लावला नाही. का, ते मी विचारलं नव्हतं.

मी बोल्ट काढला. भंगाराच्या डब्यात टाकला. नळ्या नकाशाप्रमाणं लावल्या. ब्रेकची सगळ्यात शेवटी, नवीन नळी. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल घालून दुपारी दोनला इंजिन चालू केलं. नऊ वर्षं बंद होतं असं वाटेना, इतकं गुळगुळीत चाललं.

बंद केलं. ब्रेकच्या नळीची पट्टी सैल वाटली, म्हणून ती इंजिनाकडून काढली. सवयीनं तोंडावर अंगठा ठेवला.

नळीनं अंगठा ओढला.

इंजिन बंद होतं.

नळीच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकचा डबा असतो, त्यात थोडी ओढ शिल्लक राहते, हे मला माहीत आहे. ती एका श्वासात संपते. मी मिनिटभर थांबलो. दोन मिनिटं थांबलो.

ओढ वाढत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं… बाहेर काहीच आवाज नाही. समोरची पिठाची गिरणी नाही. रोडवर एक गाडी नाही. शेजारच्या टपरीवरचा रेडिओ नाही.

आम्ही गळती शोधायला नळी कानाला लावतो. मी तेच केलं.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. दमलेला, छातीत अडकणारा.

मग अगदी शांतपणे आवाज आला.

"बजरंग आला का?"

मी नळी टाकून बाहेर पळालो.

आता सांगतो ते गावात कुणाला माहीत नाही. १९९४ ला त्या गाडीची ब्रेकची नळी तडकली होती. इंजिन थरथरत होतं. नवी नळी आणायला उस्तादांनी मला सकाळच्या एसटीनं नांदेडला धाडलं. संध्याकाळच्या गाडीनं परत ये म्हणाले. नळी मला दुपारी बाराला मिळाली. पण माझी सासुरवाडी नांदेडची. लग्नाला चार महिने झालेले, बायको तिथंच होती.

मी राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळी घेऊन उतरलो, तेव्हा स्टँडवरच कळलं, संपतराव गेले.

असो. तर त्या गुरुवारी मी शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवून पडलो. शुक्रवारी सकाळी उघडलं.

बोल्ट पुन्हा नळीत होता.

वर टेप, नऊ वर्षांची धूळ बसलेली. तारेचे तीन वेढे.

भंगाराच्या डब्यात बघितलं. डब्यात बोल्ट नव्हता.

मी थेट उस्तादांच्या घरी गेलो. सत्तर ओलांडलेली, खाटेवर बसून होते. गाडी आली एवढंच सांगितलं. मग त्यांनीच सगळं सांगितलं. मी गेल्यावर इंजिनाची थरथर थांबवायला त्यांनी नळ्या अदलाबदल करून बघितल्या, शेवटी ब्रेकची नळी बोल्टनं बुजवली. थरथर थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी संपतराव आले. पंचफुलाबाईंना माहेरून आणायला सेनगावकडं जायचं होतं. माझी वाट बघितली, मग विचारलं, निघू का?

"मी व्हय म्हणलो," उस्ताद म्हणाले. "ब्रेक जड लागंल, हळू जा, एवढं सांगायचं व्हतं. गिऱ्हाइकाच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं."

दुपारी दोनच्या सुमारास ते माझा हात धरून गॅरेजमध्ये आले. बोल्ट त्यांनी स्वतः काढला. नळी कानाला लावली.

गिरणीचा आवाज थांबला.

उस्ताद ऐकत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग ते बोलले. समोर कुणी उभं असल्यासारखं, हात जोडून.

"न्हाई, मालक. नका निघू. ब्रेक लागत न्हाई."

क्षणभर काहीच झालं नाही.

मग… दार उघडल्याचा आवाज आला. उजवं दार. मी त्याच्याकडंच बघत होतो. ते चेपलेलं, घट्ट, जागच्या जागी होतं. तरी ते उघडल्याचा आणि धाडकन लागल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

इंजिन चालू झालं. बॉनेट उघडं, माझा हात इंजिनावर. इंजिन थंडगार होतं.

पहिला गिअर. आवाज आमच्या अंगावरून शटरकडं गेला. दुसरा गिअर. आवाज रोडला लागला.

गाडी इथंच उभी होती.

उस्ताद पळाले.

सत्तरीचा माणूस, पायात चप्पल नाही, मे महिन्यातलं डांबर. दोन्ही हात वर करून "मालक, थांबा" म्हणत ते त्या आवाजामागं पळत होते. टपरीवरच्या लोकांनी बघितलं. त्यांना रिकाम्या रोडवर पळणारा म्हातारा दिसला, बाकी काही नाही. मी त्यांना पेट्रोल पंपापाशी गाठलं. तळपायाची कातडी सुटली होती. ते म्हणाले, तिसरा गिअर पडला, मग ऐकू आलं न्हाई.

त्याच दिवशी मी त्यांना मोटारसायकलवर बसवून कुरुंद्याला नेलं. त्यांनीच हट्ट धरला.

पंचफुलाबाईंच्या अंगणात हळद वाळत होती. उस्ताद पायरीवर बसले आणि बोल्टचं सगळं सांगितलं. आवाजाचं नाही सांगितलं. ऐकून झाल्यावर बाई आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून उस्तादांच्या पायांवर ओतलं.

"नऊ वर्सं मी मेलेल्या माणसाला बोल लावून राहिले," त्या म्हणाल्या. "हे तवाच सांगायचं व्हतं."

मग माझ्याकडं बघितलं.

"बजरंगभाऊ, तुमी व्हते का गॅरेजात त्या दिवशी?"

"न्हाई, बाई. नांदेडला गेलतो."

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. हा एक दिवस उशिरा परतला, एवढं एक वाक्य बोलले असते तर सगळं उघड झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मीच धाडलतं त्याला."

औरंगाबादचा माणूस रविवारी गाडी घेऊन गेला. आमच्याकडं नंतर काही झालं नाही. उस्ताद त्याच पावसाळ्यात गेले. पायाच्या जखमा भरल्याच नाहीत.

पंचफुलाबाई अजून आहेत. आता थकल्या. बाजाराच्या दिवशी कधी समोर आल्या की थांबतात, माझ्या लेकरांची चौकशी करतात. मग थोडा वेळ तशाच उभ्या राहतात, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी म्हणतो, येतो बाई.

आज हे तुम्हाला लिहिलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.