पायातला बैल

"शलाकाताई, बैल पळाला," बंडू म्हणाला.

सात वर्षांचा बंडू इतक्या हळू आवाजात कधी बोलत नसे. शलाका पंखा पुसायचा सोडून स्टुलावरून उतरली. नाण्यांच्या अल्बमचा पहिला खण रिकामा होता. दुसऱ्यात सोड्याच्या बाटलीचं झाकण आणि तिसऱ्यात आजोबांच्या कोटाचं बटण जागच्या जागी होतं. चोराला नाण्यांतलं कळत होतं.

हा संग्रह शलाका आणि बंडू या दोघा चुलत भावंडांनी सुट्टीत सुरू केला होता. बैल म्हणजे होळकरांच्या काळातलं तांब्याचं नाणं. त्यावर बसलेला बैल. ते शेजारच्या इंदुमती आजींचं. "आठवडाभर सांभाळ," त्या बंडूला म्हणाल्या होत्या. "नीट राहिला, तर तुझा. नाहीतर परत मागायला येऊ नकोस." आठवडा आज संध्याकाळी संपत होता.

बंडू शर्टाची कॉलर चघळू लागला.

सगळ्यांनाच 'भिया' म्हणणारा गल्लीतला नीरज अल्बमवर वाकला. "भिया, चोर पूजा करून आलाय. प्लास्टिकवर बघ, कुंकवाचं बोट."

आज नंदूकाकांच्या नव्या घराचं भूमिपूजन होतं. मुलांना पोह्यांच्या वेळी या असं सांगितलं होतं, आणि सकाळी पूजा अर्धी टाकून काका काहीतरी न्यायला घरी धावत आले होते.

त्यांनी सायकली काढल्या.

"ताई, घराच्या पायात सिमेंट टाकतात ना?" मागच्या कॅरियरवरून बंडूने विचारलं.

"टाकतात."

"मग ते वाळतं?"

"तू बोलू नकोस."

प्लॉटवर पूजा आटोपली होती. मांडवात नातेवाईक पोहे-जलेबी खात होते आणि खड्ड्याच्या काठावर मिक्सर घरघरत होता. "साहब, माल डालूँ क्या? जम जाएगा," ड्रायव्हर ओरडत होता.

"नाणं? घेतलं की," काका म्हणाले. "गुरुजींना कलशात टाकायला पाहिजे होतं. इथे सगळ्यांकडे फोन, नाणं एकाकडे नाही. धरतीमातेला क्यूआर कोड कुठून आणू?"

"काका, ते आजींचं आहे," शलाका म्हणाली.

"अरे बेटा, जुनंच तर होतं. तुला नवीन देतो, एकदम चमकदार. आता कलश खाली गेला. ठेवलेला काढत नाहीत. क्यों गुरुजी?"

गुरुजींच्या तोंडात पोहे होते. त्यांनी मान डोलावली. मिक्सरचं तोंड खड्ड्याकडे वळलं.

नीरजने शांतपणे एक जलेबी उचलली. "गुरुजी, एक डाउट आहे. पायात ज्याचं नाणं, घर त्याचं होतं का?"

गुरुजी चावायचे थांबले. "कुणाचं आहे नाणं?"

"इंदुमती आजींचं. त्यांना विचारलंच नाही."

"त्या भाडं मागणार नाहीत," शलाका लगेच म्हणाली. "स्वभावाने चांगल्या आहेत."

काकांनी हात वर करून मिक्सर थांबवला.

"नंदूजी, न विचारता आणलेली वस्तू पायात चालत नाही," गुरुजी म्हणाले. "काढा."

"आणि तिथे काय ठेवू? बाटलीचं झाकण?"

"आणलंय," म्हणत बंडूने खिशात हात घातला आणि तो थबकला. काकांच्या कुडत्याचा खिसा बरोबर त्याच्या नाकासमोर होता. "काका, तुमच्या खिशाला रुपया चिकटलाय."

सगळ्यांनी पाहिलं. खिशातून गुरुजींच्या दक्षिणेचं पाकीट डोकावत होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात, शगुनाच्या पाकिटावर असतो तसा, रुपया चिकटवलेला होता. काका नाणं शोधत घरभर फिरले, तेव्हाही तो त्यांच्याबरोबरच फिरला होता.

काका नव्या धोतरासकट खड्ड्यात उतरले. बैल वर आला, रुपया खाली गेला. गुरुजींनी पाकीट घेतलं आणि त्यावरच्या गोंदाच्या डागाकडे बराच वेळ पाहिलं.

संध्याकाळी आजींनी चष्मा लावला. जुनं नाणं घासायचं नसतं, म्हणून शलाकाने कुणाला हात लावू दिला नव्हता; बैलाच्या कपाळावर कुंकू तसंच होतं. बंडूने सगळं सांगितलं. खड्डासुद्धा.

"म्हणजे नीट नाही राहिला," आजी म्हणाल्या.

बंडूने खाली मान घातली.

"माझ्याकडे इतकी वर्षं होता. त्याच्यामागे कुणी सायकल पळवली नाही." त्यांनी बैल स्वतःच्या हाताने पहिल्या खणात सरकवला. "शाब्बास रे पोरांनो. कुंकू असू दे. पोळ्याला सजवल्यासारखा दिसतोय."

चिखलाने माखलेलं धोतर सांभाळत काका दारात उभे होते. "वा, बच्चे लोग, कमाल केलीत. बघू तरी."

बंडूने अल्बम मिटून छातीशी धरला.

"आधी हात दाखवा," तो म्हणाला.