नऊशे चाळीस ग्रॅम

मोबाइल खाली ठेवा सगळ्यांनी. सांगतोय ती ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली, त्याने मला समोर बसून सांगितली, आणि तो माणूस ग्रॅमभर इकडचं तिकडे करणारा नव्हे. त्याचा धंदाच तसा, वजनकाटे दुरुस्त करायचा. सगळे त्याला काटेवालाच म्हणायचे. तो दिसला की किराणावाले आधी चहा मागवायचे, मग काटा पुढे करायचे. हा शांतपणे चहा प्यायचा आणि म्हणायचा, "चहा झकास. काटा मात्र खोटा."

गेल्या वर्षी नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. रात्रीचे सव्वाअकरा. त्याला प्रसूतिगृहातून सिस्टरचा फोन आला.

"बाळांचा काटा बिघडलाय. रिकामा असला तरी वजन दाखवतोय. कमी दिवसांचं एक बाळ आलंय, वजन बघून औषध द्यायचंय. आत्ता याल का?"

सकाळी येतो, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. कारण सव्वीस दिवसांपूर्वी त्याच प्रसूतिगृहात त्याच्या बायकोला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती. पोटातच गेलेली. बायको शुद्धीवर यायच्या आत याने कागदावर सही केली, आणि सगळं उरकलं गेलं. तेव्हापासून बायको भिंतीला टेकून बसायची. दोन घास पोटात गेले तर गेले. मध्येच विचारायची, "केस होते का हो तिला?" "नाक कुणासारखं होतं?" हा म्हणायचा, "मला दाखवलंच नाही गं त्यांनी."

त्या रात्री तिने फोनवरचं ऐकलं. म्हणाली, "जा. आणि तिचं वजन किती होतं, तेवढं विचारून या. कागदावर त्या जागी नुसती रेघ आहे."

"आता कशाला..."

"जगाचं वजन करता तुम्ही. माझ्या लेकीचं कुणीच केलं नाही."

त्याने पिशवी उचलली आणि स्कूटर काढली.

सिस्टर तीच होती, बाळंतपणाच्या वेळची. तिने त्याला मागच्या खोलीत नेलं. टेबलावर काटा, वर बाळाला ठेवायचा पांढरा ट्रे. ट्रे रिकामा. आकडा नऊशे चाळीस.

"सिस्टर, त्या दिवशी आमच्या... वजन केलं होतं का?"

"नाही केलं, दादा. मी तुम्हाला विचारलं होतं, बघायचंय का, हातात घ्यायचंय का. तुम्ही मान फिरवलीत. मग मीही भराभर आवरलं." तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. ती गेली. दार आपसूक लोटलं गेलं.

खरं तेच होतं. दाखवलं नाही असं नव्हतंच. याचीच छाती झाली नव्हती.

त्याने कामाला हात घातला. एक किलोचं पितळी वजन ट्रेमध्ये ठेवलं. एक हजार नऊशे चाळीस. काढलं. नऊशे चाळीस. दोनशेचं ठेवलं. अकराशे चाळीस. ट्रे पुसला, पाये बघितले, तारा बघितल्या. काट्यात काही म्हणजे काही दोष नव्हता. शेवटी त्याने शून्याचं बटण दाबलं. आकडा शून्यावर आला.

सुटलो, म्हणाला मनात. पिशवी भरायला लागला.

आकडा हलला.

तीन. उणे पाच. दोन. उणे सात.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी बंद. पंखा बंद. पिठाचं पोतं काट्यावर ठेवलं की आकडा थांबतो, पोरांनो. जिवंत मूल ठेवलं की थांबत नाही. ते पाय झाडतं...

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तू आहेस का?"

आकडा थांबला. एकदम.

तो पुढे झाला. दोन्ही हात ट्रेमध्ये घातले. हाताला काही लागलं नाही. तरी त्याने हात जोडून ओंजळ केली. हळूच उचलली.

काट्यावर आकडा आला. उणे नऊशे चाळीस.

आणि हातांना ओझं लागलं.

निघताना त्याने कोपराने शून्याचं बटण दाबलं; काटा आता शून्यावर स्थिर होता. स्कूटर तिथेच राहिली. हात मोकळे कुठे होते? घर दीड किलोमीटर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो चालत होता. डावा हात भरून आला. बदलला नाही. खाली बघितलं नाही. बघू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. पण बघितलं... आणि काहीच नसलं, तर?

वाटेत एकदा ओझं थोडं हललं. तो थांबला. श्वास धरून उभा राहिला. मग पुन्हा चालायला लागला.

दार वाजवायला हात नव्हता. वाजवावं लागलंही नाही. बायको दारातच उभी होती. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग हातांकडे.

"नऊशे चाळीस ग्रॅम," तो म्हणाला.

तिची नजर हातांवरून हलली नाही.

"त्यांनी मला विचारलं होतं गं... मीच घेतली नाही. खोटं बोललो तुझ्याशी."

ती मग पुढे आली.

"मानेखाली हात धरा," म्हणाली. "मान धरत नाही अजून तिची."

तिने दोन्ही हात पुढे केले. त्याचे हात हलके झाले.

रात्रभर ती भिंतीला टेकून बसली होती. गुणगुणत नव्हती, रडत नव्हती. नुसती हळूहळू डुलत होती. हा उंबऱ्यावर. दिवा लावायची हिंमत झाली नाही. चारचे टोले त्याने ऐकले. त्यानंतर कधीतरी डोळा लागला.

जाग आली ती तिच्या रडण्याने. उजाडलं होतं. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा ती ढसाढसा रडत होती. हात मांडीवर, रिकामे.

"गेली," म्हणाली.

तो जवळ गेला. तिला धरलं. तिचं डोकं आपल्या छातीशी घेतलं. तेव्हा त्याला वास आला. आंबूस.

तिच्या उजव्या खांद्यावर, गाऊनवर, दोन बोटं रुंद ओला डाग होता. पांढरा. दही फुटावं तशा बारीक कण्या त्यात. तान्हं मूल पाजल्यावर खांद्यावर घेतलं, की ओकतं ना... तसा.

दूध बंद व्हायच्या गोळ्या तिला पहिल्याच दिवशी दिल्या होत्या. एक थेंबही कधी आला नव्हता.

त्याने बोट लावून बघितलं.

डाग कोमट होता.