अंगावरचं

आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. ते काम सासऱ्यांनी फार आधीच करून ठेवलेलं. भिवाजी गुरुजी म्हणून बेला गावाकडच्या खेड्यांत सगळे त्यांना ओळखायचे. कुणाला चकवा लागला, कुणाला झाडावर बाई दिसली की गुरुजींचं उत्तर ठरलेलं, "मले दाखव, अन् माही सायकल घेऊन जाय." सायकल शेवटपर्यंत आमच्याच अंगणात राहिली. मी त्यांची सून, अर्पिता. सरकारी शाळेत गणित शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला अंगात आलेली बाई समजू नये.

आदिलाबादचा मे महिना ज्यानं काढला त्याला सांगायला नको. कापसाच्या मार्केटमागच्या आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. दारं लावायची, कूलर लावायचा आणि संध्याकाळची वाट पाहायची. अशाच एका दुपारी माझ्या नवऱ्यानं, हर्षदीपनं, नागपूरच्या मित्राकडून आणलेला गेमचा डबा टीव्हीला जोडला. तो इथल्या एका ऑफिसात क्लार्क आहे, उन्हाळ्यात दुपारी जेवायला घरी येतो. चाळिशीला आलेला माणूस, पण रिमोट हातात आला की पोर होतो.

"हा गोष्टीचा गेम आहे," तो म्हणाला. "जपानी. यात जिंकाचं नसते, गोष्ट पुढं न्याची असते."

गोष्ट अशी, की एका राज्यातली नदी उलटी वाहायला लागते आणि चार माणसं तिच्या उगमाकडे निघतात. त्या चौघांना जपानी नावं होती, पण गेमनं विचारलं, बदलायची का? आमच्या साहेबांनी घरातलीच टाकली. हर्षदीप, अर्पिता, भिवाजी आणि रुक्मा. रुक्मा म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही इकडे सासूला आत्याबाई म्हणतो, सासऱ्यांना मामाजी.

काय हसलो आम्ही त्या दिवशी! गुरुजी झाले ढालवाले म्हातारे सरदार. "माही एवढी दाढी कोनं वाढवली रे?" ते चष्मा पुसत म्हणाले. आणि आत्याबाई तलवारवाल्या. गुरुजी शिकत होते तेव्हा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून त्यांनी घर चालवलेलं. पडद्यावरची रुक्मा उडी मारून राक्षसाला कापायची तेव्हा त्या तुरीची डाळ निवडायची सोडून उठायच्या. "हान! हान त्याले! पाह्य सुनबाई, जन्मभर हातात इळाच होता, आता पाह्य!"

त्यानंतर रोज दुपारी चौघं टीव्हीपुढे. मी पेपर तपासता तपासता बघायची. खोटं कशाला बोलू, मलाही गोडी लागली होती.

मग तो दोराचा पूल आला. मागून शत्रू, खाली ती उलटी नदी. म्हातारा सरदार पुलाच्या तोंडाशी थांबला, वळला आणि म्हणाला, तुम्ही पुढे व्हा. पडद्यावरची बाकीची तिघं पळाली. मग काळ्या पडद्यावर एकेक वस्तू दिसायला लागली. त्याची ढाल, त्याचं कडं, त्याची अंगठी. प्रत्येकीला टिंग असा बारीक आवाज.

"हे काय होय?" गुरुजींनी विचारलं.

"माणूस सोबत सोडून गेला की त्याच्या अंगावरचं आपल्या थैलीत येते, बाबा. वाया जात नाई."

"बरं आहे. वाटणीचं भांडण नाई," गुरुजी म्हणाले आणि झोपायला गेले.

आमच्याकडे माणूस गेलं की आंघोळ घालायच्या आधी अंगावरचं सगळं उतरवतात. पुरुषाचं मुलगा उतरवतो, बाईचं सून. सून ते आपल्या पदरात घेते. परक्यानं हात लावायचा नाही. हे मला त्या टिंग टिंग आवाजानं आठवलं आणि मी लगेच विसरलेही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचं किल्लीचं घड्याळ सापडेना. चष्मा सापडेना. बोटातली चांदीची अंगठीही नव्हती. सगळं घर धुंडाळलं, आणि ते निघालं दारामागच्या खिळ्याला लटकवलेल्या माझ्या शाळेच्या निळ्या पिशवीत.

"तुमीच ठेवलं असन मामाजी," मी म्हणाले.

"मी काऊन तुह्या पिशवीत ठीवीन?"

त्यांनी सगळं परत घातलं. संध्याकाळी परत पिशवीत. मी हर्षदीपला झापलं की म्हाताऱ्याची थट्टा करू नका. त्यानं आईची शपथ घेतली. मग मी गुरुजींवरच संशय घेतला. वय झालं, विसरतात, असं स्वतःला सांगितलं. काहीतरी कारण सापडलं की माझं डोकं शांत बसतं.

तामसीला पुतणीच्या मुलीचं लग्न होतं. गुरुजी एकटेच बसनं निघाले. निघताना घड्याळ शोधत होते. मी पिशवीत पाहते म्हणाले, तर "राहू दे, बस जाईन," म्हणून गेले तसेच. फाट्यावर उतरले, लिंबाच्या झाडाखाली बसले आणि तिथेच गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तेलुगूत वडदेब्बा म्हटलं. म्हणजे ऊन लागलं. म्हातारा माणूस, मे महिना, उपाशीपोटी प्रवास. यात न समजण्यासारखं काही नाही. मी आजही तेच म्हणते.

पण आंघोळ घालायच्या वेळी हर्षदीप पुढे झाला, बापाचा हात हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. उतरवायला काही नव्हतंच. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा तेवढा होता. लोक म्हणाले, पोरगं दुःखानं गोठलं. मला माहीत होतं तो काय पाहतोय.

क्रियाकर्म झाल्यावर तो मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. चेहरा चुन्यासारखा. म्हणाला, हा गेम जगभर हजारो लोकांनी खेळलाय, त्यांनी सगळी गोष्ट लिहून ठेवलीय. पुलावर कुणीच थांबत नाही. म्हातारा सरदार शेवटपर्यंत सोबत असतो.

"दुसरी कॉपी असन," मी म्हणाले. डबा काढला, लोखंडी पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

आत्याबाई रडल्या कमी आणि विचारात जास्त पडल्या. एक दिवस भाकरी थापताना म्हणाल्या, "सुनबाई, पूल तं तुटला नव्हता ना?"

"कोणता पूल?"

"त्या टीव्हीतला. गुरुजी उभे होते तो. तुटला नाई म्हणजे मांगून येतीन ते. गोष्ट पुढं नेली तं भेटतीन."

"आत्याबाई, तो खेळ आहे."

"मले समजते खेळ आहे," त्या म्हणाल्या. "तरी पाह्यला काय जाते?"

जून लागला. शाळा सुरू व्हायच्या आधी आम्हा मास्तरलोकांना बडीबाट असते, घरोघर फिरून पोरांची नावं घालायची. एक दिवस उन्हातून तणतणत घरी आले, तर मायलेक टीव्हीपुढे. पेटी उघडी.

माझा संताप झाला. "अक्कल गहाण ठेवली का तुमी?"

"माय दोन दिवस जेवली नाई," हर्षदीप मान खाली घालून म्हणाला. "काय करू मी?"

पडद्यावर नदीचा काठ होता. एक नाव आणि एक नावाडी, त्याला तोंडच काढलेलं नव्हतं. तो म्हणत होता, पलीकडे एक जण वाट पाहतोय, नावेत एकच बसेल, रुक्माला पाठवता? खाली दोन शब्द, हो आणि नाही.

मी रिमोट हिसकावला आणि नाही दाबलं. नावाडी म्हणाला, असं बोलू नये. मग तोच प्रश्न. परत नाही. असं बोलू नये. मी वायर उपटली, परत लावली. गेम तिथूनच सुरू झाला, त्याच काठावर. मी कितीदा दाबलं असेल कोण जाणे. बोट दुखायला लागलं. नावाडी चिडला नाही, थकला नाही.

आत्याबाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "हो म्हण ना," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा मी डोकं चालवलं. फार डोकं माझं! माणूस गेला की त्याच्या अंगावरचं थैलीत येतं. मग अंगावर काही नसेलच, तर थैलीत काही येणार नाही. थैलीत काही आलं नाही, तर माणूस जाणार नाही. परिणामालाच कारण धरलं म्हणून पोरांचे मार्क कापते मी. दरवर्षी कापते. आणि घाबरल्यावर मी स्वतः तेच केलं.

मी रुक्माचं पान उघडलं. तलवार उतरवली. टिंग. शाल उतरवली. टिंग. हातातले गोट होते, जाड, चांदीचे. ते उतरवले.

टिंग.

"अव माय," शेजारून आत्याबाई म्हणाल्या. "हात हलका झाला."

मी वळून पाहिलं. त्या आपली मनगटं डोळ्यांपुढे धरून बघत होत्या. त्यांचे गोट लग्नातले. साबण लावूनही निघत नव्हते, इतके रुतलेले. नवरा गेला म्हणून बाईचं काही काढायचं नाही, हे गुरुजींनीच सांगून ठेवलेलं, म्हणून तेही राहिलेले. आता तिथे दोन गोरे वळ तेवढे होते.

खिळ्याला लटकलेली निळी पिशवी जडपणानं खाली ओढली गेली होती.

मी रिमोट दाबत राहिले. परत घाला, गोट परत घाला. ती नावं करडी पडली होती, दाबलं की नुसता भोंग असा आवाज यायचा. मी पिशवीतून गोट काढले आणि धावत येऊन त्यांच्या हातात घातले. साबण न लावता गेले. हात खाली केला की घरंगळून फरशीवर पडले.

मग मला रडू फुटलं. सासूबाईंच्या मांडीवर डोकं टेकून मी लहान पोरीसारखी रडले. "मीच उतरवलं हो आत्याबाई. माह्याच हातानं."

त्यांनी माझे केस मागे सारले.

"काऊन रडून राह्यली? तू उतरवलं तं बरंच झालं. सुनेच्याच हातानं उतरावं."

हे ऐकून मी तोंडात पदर कोंबला.

डबा त्याच दिवशी हर्षदीपनं पेनगंगेच्या पुलावरून फेकला. बेल्यापर्यंत गाडी घेऊन गेला आणि आला. काही फरक पडला नाही. आत्याबाईंना दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. वयाच्या मानानं उत्तम आहेत, असं सांगितलं. नागपूरला नेलं, तिथेही तेच. आत्याबाई जेवतात, बोलतात, शेजारणीशी भांडतात. फक्त चांगलं लुगडं नेसून बसतात आणि अधूनमधून विचारतात, नाववाला काय म्हणत होता?

मी काय करणार? जे सुचतं ते करते. रोज सकाळी गोट त्यांच्या हातात घालते आणि पांढऱ्या दोऱ्यानं मनगटाला बांधते. पोतं शिवायचा दोरा, तुटत नाही. चांगल्या आवळून गाठी मारते. दुपारी त्या झोपल्या की हात हातात धरून बसते. शाळेतून रजा घेतलीय.

आज कूलरच्या आवाजानं माझा डोळा लागला. क्षणभरच. जागी झाले तर त्यांचा हात माझ्या हातातच होता. ऊब होती. नाडी बोटाखाली लागत होती, एकसारखी.

मनगट मोकळं होतं.

मी हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं पिशवी ओढून घेतली. आत गोट होते. त्यांच्याभोवती दोरा होता, गोल, मनगटाएवढा, कुठेही न तुटलेला. मी मारलेल्या गाठी जशाच्या तशा होत्या.

त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. मी बोटांनी चाचपलं. माझ्या अंगावरचं होतं, गळ्यातलं मंगळसूत्र.