बाबांच्या खांद्याला झेपेल अशी काठी

गळ समुद्रात टाकतात, एवढं तरी माणसाला ठाऊक असावं की नाही? भाग्येशने पहिल्याच भेटीत तो माझ्या बोंबलांत टाकला!

जानेवारीतली कोवळी सकाळ होती. नवापूरच्या किनाऱ्यावर, आमच्या घरासमोर, बांबूंची वलांडी उभी आहे. तिच्या दोऱ्यांवर मी बोंबील वाळत घालत होते. खाली ओल्या वाळूत एक पाठमोरा मुलगा इतका लांबलचक रॉड घेऊन उभा होता की आधी मला वाटलं, कुणी झेंडा रोवायला आलंय. त्याने रॉड मागे नेला, सगळा जीव एकवटला... आणि माझ्या कानाजवळून सूंऽ करून काहीतरी गेलं. अख्खी दोरी गदगदा हलली. एक चकचकीत खोटा मासा माझ्या खऱ्या माशाला चिकटून लोंबत होता.

"आवो, समुद्र तिकडं हाय!" मी ओरडले.

तो धावत आला. कानापर्यंत लाल झालेला. "सॉरी... खरंच सॉरी. तुम्हाला लागलं का?"

"मला नाय. याला लागलं."

तो वाकून बघायला लागला. "पण हे दोघं आहेत. एकमेकांचं तोंड धरून...?"

"मग? एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि दोरीवर जोडी टाकायची. एक इकडं, एक तिकडं. एकटा टांगला तर वाऱ्यानं पडतो."

"अच्छा..." तो म्हणाला आणि उगाचच हसला. मला राग आला होता, म्हणून मी हसले नाही. म्हणजे — लगेच हसले नाही.

निम्मे बोंबील वाळूत पडले होते. ते त्याच्याकडूनच परत टांगून घ्यायचे, असं मी ठरवलं. शहाण्याने ते शेपटीकडून टांगले. एकेक करून सगळे पुन्हा खाली!

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "एवढी मोठी काठी नि एवढुसा मासा. तो पुढं जाल कसा?"

मी जागच्या जागी थबकले. ते बाबा होते.

माझ्या बाबांचं, बन्सी तांडेलांचं, सगळं आयुष्य बोटीवर गेलं. गेल्या वर्षी जाळं ओढताना उजवा खांदा निकामी झाला. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण हात काही कानाच्या वर जाईना. बोट काकाच्या हवाली केली आणि त्या दिवसापासून बाबा ओट्यावर समुद्राकडे पाठ करून बसायला लागले. भूक लागली की बोलायचे, एरवी नाही. मी आणि आईने नाना उपाय केले, सगळे फुकट. आणि आज ते चक्क मान वळवून पाण्याकडे बघत होते!

"बरोबर बोलले ते," भाग्येश मला हळूच म्हणाला. "या रॉडला जड शिसं लागतं. हलका ल्युअर, म्हणजे असा खोटा मासा, लावला की तो वाकतच नाही. म्हणून मग मी जोर लावतो..."

"नि जोर माझ्या बोंबलांवर."

"शुक्रवारी सुट्टी आहे. बोईसरला जाऊन हलका रॉड बघणार आहे."

"मी पण येते," मी बोलून गेले आणि जीभ चावली. "म्हणजे... मला पण एक घ्यायचाय."

शुक्रवारी बोईसरच्या रामूशेठच्या दुकानात आम्ही भेटलो. तिथे जाळी, दोर, बोये आणि एका भिंतीला टेकून रॉडची रांग. भाग्येशने वाटेतच स्वतःची सगळी माहिती सांगून टाकली होती : मूळ जळगावचा, वडील वीज केंद्रात, म्हणून तारापूरच्या कॉलनीत वाढलेला, आता इथल्याच एका कारखान्यात रंग तपासायची नोकरी. मी विचारलं नव्हतं. पण ऐकून घेतलं.

"लांबातला लांब घ्या," रामूशेठ म्हणाले. "लांब जाईल."

"याच्याकडं हाय तसला. मागं लांब जातो," मी म्हटलं. भाग्येश खो-खो हसला. स्वतःवर हसणारा मुलगा मी फारसा पाहिला नव्हता.

मग एकेक रॉड आमच्या हातात यायला लागला. मुठीच्या वर लिहिलेलं असतं, किती वजनाचा ल्युअर फेकायचा. ते त्याने मला दाखवलं. जड शिशासाठीचे रॉड त्याने बाजूला केले. उरलेल्यांत मला सगळ्यात आखूड आवडला, पिसासारखा हलका.

"हा नको," तो म्हणाला. "किनाऱ्याची लाट फुटते ना, तिच्यावरून दोरी जायला हवी. नऊ फुटी बघ." तुम्हीवरून तो तूवर कधी आला, ते मला कळलं, त्याला कळलं नसावं.

मी एक नऊ फुटी उचलला. "हा हलका हाय. पण वाकत नाय फारसा."

"वाकेल. मासा लागू दे."

मी रॉडला रीळ लावायला लावलं. नुसता हलका वाटणारा रॉड रीळ लावल्यावर टोकाकडे ओणवा होत होता, मनगट भरून येत होतं. दुसरा घेतला. तो बोटावर तोलून धरला तरी स्थिर राहिला. मी फेकल्यासारखं करून बघितलं, पुन्हा बघितलं...

"हिमानी," भाग्येश एकदम हळू आवाजात म्हणाला. "तुझा हात दुखतोय का? तू कोपर वर नेतच नाहीस."

दुकानात पंखा घरघरत होता. मी रॉड खाली टेकवला.

"माझा नाय दुखत. बाबांचा हात वर जात नाय. हा त्यांच्यासाठी हाय." मग न थांबता सगळं सांगितलं. ओटा, पाठ, सगळं. "त्यांना परत पाण्याजवळ न्यायचंय मला. बोट नाय तर नाय..."

त्याने माझ्या हातातला रॉड घेतला, कोपर बरगडीला चिकटवलं आणि नुसत्या मनगटाने, कमरेतून वळत, फेकून बघितलं. पुन्हा. पुन्हा. दुकानामागच्या गल्लीत जाऊन, गळ काढलेला ल्युअर लावून खरोखर फेकला. येणारे-जाणारे बघत होते. त्याला पर्वा नव्हती.

"हाच," घाम पुसत तो म्हणाला. "जातो लांब. खांदा न उचलता जातो." त्याने स्वतःसाठीही तसाच घेतला.

त्या क्षणी तो मला आवडला. खोटं कशाला बोलू?

पण बाबा...! रॉड बघितला आणि त्यांनी तोंड फिरवलं. "मी बोट चालवली. आता रविवारच्या पावण्यांसारका काठी घेऊन उबा राहू? नेऊन दे परत."

रॉड कोपऱ्यात उभा राहिला. मी त्या रात्री जेवले नाही, आणि बाबांनीही विचारलं नाही. चुकलंच माझं, असं वाटत राहिलं. दयेने आणलेली वस्तू त्यांना कशी आवडेल?

पुढच्या शुक्रवारी भाग्येश आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना नको असेल तर आपण फेकू. तो रॉड बिचारा कोपऱ्यात का उभा?"

तेव्हा माझाही पारा चढलेला होता. घेतला रॉड आणि उतरले वाळूत. भरती चढत होती, वारा अंगाला चाटत होता. तो एकीकडे, मी एकीकडे. फेकायचं, रीळ फिरवायचं, ल्युअर नाचवत आणायचा, पुन्हा फेकायचं. माझा कधी जवळ पडे, कधी बरा जाई. तो बघून हसे, मी वाळू उडवी.

"काय रोग झालाय दोगांना?"

बाबा ओट्यावर उभे होते. समुद्राकडे तोंड करून.

"धडदाकट पोरं तुमी, नि लुळ्यासारकी काय फेकता? हिमे, हात वर नाय होत तुजा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माजा होतो. तुमचा नाय होत ना, बाबा! काठी तुमच्या खांद्याच्या बेतानं बघितली. म्हणून असंच शिकलो. हा पण."

बाबा भाग्येशकडे बघत राहिले. त्याचं कोपर अजून बरगडीलाच होतं.

"तू कशाला रे शिकलास?"

"तुम्ही आलात तर दाखवायला," तो चाचरत म्हणाला. "आठवडाभर सराव करतोय... कॉलनीच्या मैदानात."

बाबा ओट्यावरून उतरले. सावकाश आले, माझ्या हातातून रॉड घेतला, तोलून बघितला. डोळे पुसले — उघड पुसले, लपवलं नाही. मग त्यांनी कोपर अंगाशी धरून रॉड फिरवला. ल्युअर लाटेवरून गेला आणि पलीकडच्या शांत पाण्यात टुपकन पडला.

"हलकी हाय," ते म्हणाले. एवढंच. पण ओट्याकडे परत गेले नाहीत.

मी वलांडीकडे पळाले, कारण मला रडू येत होतं. भाग्येश मागून आला. टोपलीतून दोन बोंबील उचलले, धडपडत जबड्यात जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. ती टिकली.

"हिमानी... मला तू आवडतेस," तो बोंबलांकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नाही. तेव्हा तू फार ओरडलीस. दुकानात कोपर खाली धरून रॉड फिरवत होतीस ना... तेव्हापासून."

माझे हात खाऱ्या पाण्याने ओले होते, ते मी कपड्यांना पुसले. मी तोंड उघडलं —

"हिमे! काठी वाकली गो!"

आम्ही दोघं धावलो. बाबा गुडघाभर पाण्यात, रॉड धनुष्यासारखा वाकलेला, आणि त्यांचा चेहरा... तो चेहरा मी वर्षभर शोधत होते. "हात नाय लावायचा कुणी!" ते ओरडले आणि एक बेताचा रावस त्यांनी स्वतःच वाळूवर ओढून आणला.

धाप लागली होती, तरी त्यांनी आमच्याकडे निरखून बघितलं. "तिकडं काय बोलत होता हा?"

"मी त्याला आवडते म्हणतो."

भाग्येशचे कान पुन्हा लाल झाले.

"नि तू?"

"मला पण आवडतो तो, बाबा."

बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा वलांडीवरच्या त्या एकुलत्या जोडीकडे.

"मग उबा काय ऱ्हायलाय? मासा उचल म्हणावं. हिची आई बाजारातून येल एवढ्यात, जेवूनच जाल."

आणि ते पुन्हा पाण्याकडे वळले.